औद्योगिक लेबल प्रिंटर: पावसाळ्यापासून द्राक्षहंगामापर्यंत वापरून

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं टर्निंगचं, म्हणजे लेथवर भाग कातायचं काम आहे. गाड्यांचे छोटे भाग रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल लावून बिनमध्ये भरून जातात. घरचं द्राक्षाचं पॅकहाउस दिंडोरी बाजूला. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला दोन्हीकडे एकाच मॉडेलचे 4 इंची थर्मल ट्रान्सफर प्रिंटर बसवले, म्हणजे गरम हेडने रिबनवरची शाई लेबलवर उतरवणारे. थंडी आणि द्राक्षहंगाम काढून झाल्यावर लिहितोय. मॉडेल मुद्दाम सांगत नाही. झेब्रा, टीएससी, साटो, हनीवेल, या वर्गातली सगळी यंत्रं एकाच तत्त्वावर चालतात आणि छपाई टिकणार की नाही हे बरंचसं रोल आणि रिबनच ठरवतात.

विक्रेते आधी प्रिंटरचं कोटेशन देतात. आम्ही उलटीकडून गेलो: लेबल कशावर चिकटणार, त्याला तेल लागणार की ऊन, आणि किती दिवस वाचता यायला हवं? ही उत्तरं कागदावर आली तेव्हा निम्मे पर्याय आपोआप गळाले.

डायरेक्ट थर्मलला रिबन लागत नाही, कागदच उष्णतेने काळा होतो. कुरिअरच्या पाकिटाला, वजनकाट्याच्या चिठ्ठीला तो उत्तम. पण उष्णतेने उमटलेलं उष्णतेनेच बिघडतं. एप्रिलच्या उन्हात यार्डात उभ्या असलेल्या मालावर ते लेबल मी लावणार नाही.

रिबनचा विषय मात्र नीट समजून घ्यावा. वॅक्स रिबन स्वस्त, कमी तापमानाला वितळते आणि क्रोमो, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या कागदावर सुरेख उमटते. कोरड्या खोक्यांना तेवढी पुरते. तेलकट बोट फिरलं की मात्र अक्षरं पसरतात. वॅक्स-रेझिन मधली, पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिक) लेबलवर चालते. तेलाच्या बिनसाठी आम्ही पॉलिस्टर लेबल आणि पूर्ण रेझिन रिबन ठेवली. तिला हेडची उष्णता जास्त आणि वेग कमी लागतो, त्यामुळे घाईच्या दिवशी डिस्पॅचच्या ताई कुरकुरतात. पण महिनाभर तेलात राहिलेलं लेबल त्यांनीच कपड्याने पुसून दाखवलं. ‘साहेब, बघा, बारकोड लगेच घेतो!’ नमुने आले की आधी हीच परीक्षा करा: छापा, आपल्याच कारखान्यातलं तेल लावा, रात्रभर ठेवा, घासा.

रिबन लेबलपेक्षा थोडी रुंद घ्या. लेबलचा काठ उघड्या हेडवर घासला की हेडचं आयुष्य घटतं. शाईची बाजू आत की बाहेर, हे यंत्रानुसार बदलतं. लेबलचा चिकट भाग रिबनला टेकवून ओढला की शाई कोणत्या बाजूला आहे ते कळतं.

पॅकहाउसची अडचण वेगळीच निघाली. तिथे छपाई शाबूत, चिकटच सुटायचा. प्रीकूलिंगमधून (माल साठवण्याआधी झटपट थंड करतात तिथून) आलेल्या गार, दमट पनेटवर, म्हणजे द्राक्षाच्या छोट्या प्लॅस्टिक डब्यावर, साधा गोंद धरत नाही. प्रत्येक गोंदाला लावतानाचं किमान तापमान असतं आणि ते रोल घेताना विचारायलाच हवं. थंड जागेसाठीचा गोंद मागवला, शिवाय लेबल प्रीकूलिंगच्या आधी, कोरड्या पनेटवर लावायला सुरुवात केली. दुसऱ्या बदलाला खर्च शून्य आणि फरक त्यानेच जास्त पडला. निर्यातीच्या मालात लेबल गळणं म्हणजे तो पनेट कोणत्या बागेतला हे सांगायची सोयच जाणं, म्हणून याची मला फार काळजी वाटते. निफाडकडे पारा उतरतो त्या दिवसांत अंबडलाही सकाळच्या पाळीत लोखंडी ट्रॉल्या गारठलेल्या असतात. तिथेही हाच नियम.

छपाई किती बारीक हे डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके, यावर ठरतं. 203 डीपीआय म्हणजे मिलिमीटरला 8 ठिपके, 300 म्हणजे साधारण 12. खोक्यावरच्या मोठ्या बारकोडला 203 भरपूर. आमच्या भागांवरचा बारीक डेटामॅट्रिक्स (चौकोनी ठिपक्यांचा कोड) त्यावर नीट येत नव्हता, म्हणून 300. बारकोड सॉफ्टवेअरमध्ये कोपरा धरून ताणू नका. रेघेची जाडी पूर्ण ठिपक्यांत बसली नाही की रेघा असमान होतात. डोळ्याला कळत नाही, स्कॅनरला कळतं.

देवनागरी फॉन्ट आमच्या प्रिंटरमध्ये नाही. ड्रायव्हरमधून मजकूर चित्र म्हणून जातो, जरा वेळ लागतो, पण छापतो स्वच्छ. पॅकिंगवाल्या बायकांना प्लॉटचं नाव मराठीत वाचता येतं, हे महत्त्वाचं.

तक्रारी दोन. चंदेरी पॉलिस्टरवर गॅप सेन्सर (दोन लेबलांमधली फट ओळखणारा) कधीकधी गोंधळतो, रोल बदलला की कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर नव्या रोलला जुळवून घेणं, करावंच लागतं. आणि अरुंद लेबलवर रिबनला सुरकुती पडून तिरप्या पांढऱ्या रेघा यायच्या. हेडचा दाब दोन्ही बाजूंना सारखा केल्यावर थांबलं. हे मॅन्युअलमध्ये आहे, पण बसवणाऱ्या माणसाने दाखवलं नव्हतं.

पावसाळ्यात कागदी रोल उघडे ठेवले की दमट होऊन कडा वळतात. पिशवीत बंद ठेवा. प्रत्येक रिबन बदलताना हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गार झाल्यावर. लांबीच्या दिशेने एकच पांढरी रेघ सतत येत असेल आणि पुसूनही जात नसेल, तर हेडमधला एक ठिपका गेला समजा. बारकोड आडवा-उभा फिरवून थोडे दिवस निघतात, पण नवं हेड मागवून ठेवा. हेडची किंमत आणि ते नाशकात कुणाकडे मिळेल, हे प्रिंटर घेतानाच लिहून घ्यावं. आम्ही घेतलं होतं, कारण हंगामात मुंबईहून भाग येईपर्यंत थांबणं परवडत नाही.