बीसीजी की पेम्ब्रोलिझुमॅब? मूत्राशयाच्या कर्करोगातल्या दोन इम्युनोथेरपी

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत ‘इम्युनोथेरपी’ (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार) हा एकच शब्द बीसीजी आणि पेम्ब्रोलिझुमॅब या दोन अगदी निराळ्या उपचारांसाठी ऐकू येतो. म्हणून आधी बायोप्सीचा रिपोर्ट उघडा. गाठ स्नायूत शिरली आहे का? आणि तपासलेल्या तुकड्यात स्नायू आला होता का? नसेल, तर दुर्बिणीने पुन्हा तपासावं लागू शकतं.

गाठ वरच्या थरातच आहे पण धोका जास्त आहे, तर पहिला मान बीसीजीचा. टीबीच्या लसीतलाच हा जिवंत पण दुबळा केलेला जंतू नळीवाटे मूत्राशयात सोडतात. दर आठवड्याला एक असे 6 डोस, मग अधूनमधून तीन-तीन, कधी 3 वर्षांपर्यंत. 1976 पासून वापरात आहे आणि खर्चही आवाक्यातला. माझ्या बाबांचे डोस भर मे महिन्यात झाले. डोसाआधी पाणी कमी प्यायचं, नंतर 2 तास लघवी धरायची. नागपूरच्या उन्हात ते फार जड गेलं. उमरेडला परतायची घाई न करता आम्ही दोन तास तिथंच थांबायचो. घरी 6 तास प्रत्येक लघवीनंतर संडासात ब्लीच टाकून पंधरा मिनिटांनी पाणी सोडायचो. जळजळ होतेच. पण ताप चढून उतरत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. लघवीत रक्त किंवा जंतुसंसर्ग असेल तर डोस पुढे ढकलतात, तो हट्टानं घेऊ नका.

पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढणारं औषध. ते शिरेतून सलाईनवाटे देतात, दर 3 किंवा 6 आठवड्यांनी. नळी नाही, जळजळ नाही, पण खर्च लाखांत. शिवाय थायरॉइड, आतडी, फुप्फुसं यांवर शरीराची प्रतिकारशक्तीच उलटू शकते. बीसीजीला दाद न देणाऱ्या, मूत्राशयाच्या वरच्या थरातच सपाट पसरलेल्या कर्करोगात (सीआयएस) अमेरिकेत त्याला 2020 मध्ये मान्यता मिळाली. त्या चाचणीत 3 महिन्यांनी 41 टक्के रुग्णांत कर्करोग दिसेनासा झाला, पण त्यातल्या बऱ्याच जणांत तो नंतर परतला.

म्हणून माझं स्पष्ट मत: बीसीजी हरल्यावर खरी तुलना पेम्ब्रोलिझुमॅबचं सलाईन आणि मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया यांच्यात आहे. प्रकृती झेपणारी असेल तर शस्त्रक्रियेचा विचार आधी करा. ती झेपत नसेल किंवा नकोच असेल, तर सलाईन. मूत्राशयाबाहेर पसरलेल्या आजाराचं गणित वेगळं. तिथं एन्फॉर्टुमॅब (कर्करोगाच्या पेशींना शोधून मारणारं औषध) सोबत पेम्ब्रोलिझुमॅब दिल्यावर, निम्मे रुग्ण किमान जितके महिने जगले तो आकडा केमोच्या 16 वरून 31 वर गेला.

जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था असो वा एम्स, दुसरं मत घ्यायला जाताना बायोप्सीचे ब्लॉकही (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) सोबत न्या.