घरपोच येणारा तिखट सी-फूड पास्त्याचा संच: सॉस उत्तम, कोळंबी यथातथा

ऑफिसातून परतल्यावर अर्ध्या तासात कोळंबी आणि माकूल (स्क्विड) घातलेला तिखट इटालियन पास्ता ताटात वाढता येईल, असे सांगणारा एक संच पुण्यातल्या एका घरपोच सेवेकडून मागवून पाहिला. दोन माणसांपुरती २०० ग्रॅम स्पॅगेटी, सोललेल्या टोमॅटोंचा डबा, लसूण, सुक्या मिरचीचे कुस्करलेले तुकडे, ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली, गोठवलेली कोळंबी, माकुलाच्या चकत्या आणि किसलेल्या चीजची पुडी एवढे साहित्य त्यात होते. बाहेर जाऊन हाच पदार्थ खाण्यापेक्षा संच स्वस्त पडतो; घरच्या कोळंबीच्या रश्शाशी मात्र त्याच्या किमतीची तुलना करू नये.

संचातील सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे पास्ता. इटलीत तयार होणारा सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा, असे बंधन तिथल्या १९६७च्या कायद्याने घातले आणि ही स्पॅगेटी त्याच प्रकारची आहे. ती काशाच्या साच्यातून काढलेली असल्याने तिचा पृष्ठभाग खरखरीत आहे आणि त्यामुळे सॉस तिच्यावरून निसटून ताटाच्या तळाशी न साचता तिला धरून राहतो. पाकिटावर उकळण्याची वेळ नऊ मिनिटे दिली आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते, त्यामुळे घड्याळावर विसंबण्यापेक्षा एक तंतू चावून पाहावा. शिवाय स्पॅगेटी पूर्ण शिजण्याच्या मिनिटभर आधी काढून सॉसमध्येच पूर्ण शिजवावी आणि पास्त्याचे थोडे पाणी राखून ठेवावे, कारण त्यातील स्टार्चमुळेच तेल आणि टोमॅटो एकजीव होतात. कृतीपत्रिकेत हे पाणी ओतून द्यायला सांगितले आहे, हे अनाकलनीय आहे.

टोमॅटो गोडसर, दाट आणि बियांच्या आंबटपणापासून मुक्त असल्यामुळे सॉस पंधरा मिनिटांत तयार होतो. मिरचीचे तुकडे मात्र फारच सौम्य निघाले. ज्या घरात ठेच्याशिवाय भाकरी खाली उतरत नाही, तिथे हा पदार्थ ‘तिखट’ म्हणून वाढणे धाडसाचे ठरेल. बेडगीने रंग येतो पण तिखटपणा वाढत नाही, म्हणून एक-दोन लवंगी मिरच्या मोडून लसणाबरोबरच मंद आचेवर तेलात सोडाव्यात. मिरचीचा तिखटपणा तेलात चांगला उतरतो, त्यामुळे ती शेवटी भुरभुरण्यापेक्षा सुरुवातीलाच घालणे बरे.

खरी तक्रार मासळीबद्दल आहे. कोळंबीवर बर्फाचा जाड थर असल्याने तो वितळल्यावर ती पाकिटावरच्या वजनापेक्षा बरीच कमी भरली आणि काही कोळंब्यांच्या पाठीतला काळा धागाही तसाच होता. ती नीट सुटी व्हायला गार पाण्यात अर्धा तास लागतो आणि हा वेळ जाहिरातीतल्या अर्ध्या तासात धरलेलाच नाही. त्यावर कडी म्हणजे पत्रिकेप्रमाणे कोळंबी सॉसमध्ये आठ मिनिटे शिजवायची! एवढ्या वेळात ती रबरासारखी होते. मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी मिळून दोन-तीन मिनिटे परतून बाजूला काढावी आणि अगदी शेवटी सॉसमध्ये मिसळावी. माकुलाच्या चकत्यांना तर त्याहूनही कमी वेळ पुरतो.

चीजची पुडी फ्रिजमध्ये ठेवून द्यावी. मासळीच्या पास्त्यावर चीज घालण्याची पद्धत इटलीत सहसा नाही, आणि चवीच्या दृष्टीनेही ते योग्यच आहे, कारण चीजखाली कोळंबीचा गोडवा दबून जातो. त्याऐवजी दक्षिण इटलीत करतात त्याप्रमाणे शिळ्या पावाचा चुरा ऑलिव्ह तेलात लसणाबरोबर कुरकुरीत परतून वर पेरला, तर पदार्थाला वेगळीच रंगत येते.

याच सेवेकडे मासळीविना संचही मिळतो आणि माझी शिफारस त्याचीच आहे. सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळणाऱ्या घरांत आठवड्यातले मासळीचे वार मोजकेच उरतात, त्यामुळे त्या वारी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून किंवा कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून ताजी कोळंबी आणणे जड जाऊ नये. सोलून, धागा काढून मागितली की घरचे कामही वाचते. तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर त्याही घ्याव्यात, त्यांचे सुटलेले पाणी गाळून सॉसमध्ये घातल्यास संचातल्या कोणत्याही पुडीपेक्षा अधिक चव येते. फक्त त्या दिवशी मीठ हात राखून घालावे. जून-जुलैत किनाऱ्यावर मासेमारी बंद असताना मात्र गोठवलेल्या कोळंबीचा संच घेण्यास हरकत नाही, परंतु पाकीट सकाळीच फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवावे.