रिसेप्शनच्या टेबलावर फांद्या: नैसर्गिक की रंगवलेल्या?

एप्रिल-मे महिन्यातलं लग्न असेल आणि नाशिक-सांगलीकडे ओळखपाळख असेल, तर फांद्या विकत घेऊच नका. द्राक्षबागांची खरड छाटणी तेव्हाच चालू असते. वाकड्यातिकड्या काड्यांचा बांधावर ढीग पडलेला असतो. पेरूची फांदीही सुरेख, साल गुळगुळीत आणि जागोजागी सोललेली. शेवगा मात्र टाळा, हात लागला की मोडतो.

तशाच ठेवायच्या असतील तर आधी झटकून उन्हात टाका, नाहीतर मुंग्या थेट पाहुण्यांच्या ताटात. पितळी तांब्यात वाळू भरून उभ्या केल्या आणि खाली झेंडू-शेवंती सोडली की दिवसाच्या, अंगणातल्या लग्नाला दुसरं काही लागत नाही.

पण संध्याकाळी हॉलच्या मंद पिवळ्या दिव्यांत तपकिरी फांदी दिसतच नाही. तिथे पांढरा रंग कामाचा. (सोनेरी जपून, पैठण्या आणि दागिन्यांपुढे तो भडक वाटतो.) रंगवायची फांदी पूर्ण वाळलेली हवी. ओलीवर मारलेला रंग सालीसकट निघतो आणि टेबलक्लॉथवर पापुद्रे पडतात. रंगकाम उघड्यावर आणि दोन दिवस आधी उरका, जेवताना स्प्रेचा वास नको. या फांद्या पुढच्या कार्यालाही चालतात. नैसर्गिक फांद्या मात्र सरळ खतात जातात, रंगवलेल्या टाकता येत नाहीत.

मेणबत्त्या दोन्हींजवळ नकोत, एलईडी माळ लावा. घरच्या लग्नाला मी साध्याच फांद्या निवडेन.