ट्रान्सपरंट रिटेनर का तारेची प्लेट? दोन्ही वापरून लिहायले (लातूर)

रिटेनर म्हणजे दात सरळ करायच्या तारा काढल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून घालतात ते. ट्रान्सपरंटला ३ स्टार, तारेच्या प्लेटला, म्हणजे डॉक्टर जिला हॉले म्हणतात तिला ४.

तारा काढल्या तेव्हा क्लिनिकमधी माप घेऊन आधी ट्रान्सपरंटच दिला. दिसायला झकास, घातलाय हे समोरच्याला कळत पण नाही, मी क्लासवर बायोलॉजी शिकवते म्हणजे दिवसभर तोंड चालूच, तरी लवकर सवय झाली. पुढचे दात पण एकदम लाईनीत. पण मागच्या दाढा काही एकमेकीला टेकंनात! भाकरी कशीबशी चालायची, हुरड्याच्या दिवसात मात्र लई वैताग आला, दाणा दाढेखाली सापडायचाच नाही, नुसता तोंडात इकडून तिकडं. क्लिनिकवाले फोनवर "होईल हळूहळू" म्हणून मोकळे. होईल, पण कशानं होईल ते सांगा की!

दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरनी, नीट समजावलं. तारा निघाल्यावर दाढा थोड्या वरखाली सरकून आपोआप एकमेकीत बसतात, त्याला ते सेटलिंग म्हणतात. ट्रान्सपरंट रिटेनर दातावर टोपीसारखा बसतो, चावायची बाजूच झाकली जाते, मग रात्रंदिवस तोच घातला तर दाढा सरकणार कुठून, त्या आहे तिथंच राहतात. हॉलेला टाळूकडून प्लास्टिक अन दाताच्या पुढून तार, दाढांचा चावायचा भाग मोकळा. ती घालायला लागले अन काही महिन्यात घास बरोबर चावला जायला लागला. पण म्हणून सगळ्यांनी हॉलेच मागू नका, ज्यांचे पुढचे वरचे-खालचे दात एकमेकाला टेकत नव्हते म्हणून तारा लावल्या त्यांना मुद्दाम झाकणारा रिटेनर देतात. डॉक्टरला विचारूनच काय ते ठरवा.

हॉलेचा एक स्टार बोलण्यापायी कापला. टाळूला प्लास्टिक लागतं त्यामुळं स, श चं पार वाटोळं, मी मायटोसिस-मायोसिस शिकवायले अन पोरं खाली माना घालून हसायलेत. आता रात्रीच घालते त्यामुळं प्रश्न मिटला.

टिकाऊपणात पण हॉलेच पुढं. सैल झाली तर डॉक्टर तार आवळून देतात. मला झोपेत दात खायची सवय आहे, त्यात ट्रान्सपरंटला दाढेपाशी चीर गेली, अन तो गेला की गेला, नवाच करावा लागतो. गरम पाण्यानं धुवायचा नाही, आकार सोडतो. चहा पिताना काढायचा. आपल्याकडच्या ४२ डिग्रीत बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवायची तर भानगडच नको. टूथपेस्टनं घासला की ओरखडे पडतात अन वास बसतो, मऊ ब्रश अन साधं पाणी बास. आमच्या बोअरच्या पाण्यानं दोन्हीवर पांढरा थर धरतो, पाण्यात थोडं व्हिनेगर टाकून जरा वेळ भिजवलं की निघतो, हॉले जास्त वेळ ठेवू नका, तिला तार आहे. अन लग्नाच्या पंगतीत टिश्यूत गुंडाळून बाजूला ठेवला तर पत्रावळीसोबत गेलाच म्हणून समजा, डबी जवळ ठेवा.

किती दिवस घालायचा हे सगळेच विचारतात. दात फिरवताना हिरडीतले धागे ताणलेले असतात, ते नव्या जागी जुळायला वर्षभर पण लागू शकतं, तोवर दाताला मागं ओढतच राहतात. वरून खालचे पुढचे दात तर वयानुसार ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत त्यांचे पण दाटी करतात. म्हणून रात्रीचा चालूच ठेवायचा. मधी खाडा पडला अन परत घालताना घट्ट लागला म्हणजे दात हलायलेत, अजिबात बसतच नसेल तर जोर न लावता दाखवून या.

अन पैसे ठरवतानाच विचारा, पॅकेजमधी कोणता रिटेनर, किती जोड, तुटला तर किती. मला पहिल्या ठिकाणी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, चीर गेल्यावर नव्याचे पूर्ण पैसे सांगितले.