क्लेबसिएलाची लस: कॅप्सूल धरावी की ओ-अँटिजेन?

क्लेबसिएला न्यूमोनिए या जंतूवर काम करायचं हे ठरलंय, पण लसीचं लक्ष्य ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिक्सना दाद न देणारा हा जंतू जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या यादीत सर्वांत वरच्या गटात आहे. आपल्याकडच्या एनआयसीयूंमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांत) तो काय करतो हे तुम्हाला ठाऊक असणारच. प्रश्न एवढाच की, जंतूभोवतीच्या साखरेच्या वेष्टणाविरुद्ध, म्हणजे कॅप्सूलविरुद्ध, अँटिबॉडी तयार करायच्या, की तिच्याखालच्या साखरेच्या ओ-साखळीविरुद्ध, म्हणजे ओ-अँटिजेनविरुद्ध? मी दोन्ही करून पाहिलं आणि कॅप्सूलवर थांबलो.

कागदावर ओ-अँटिजेनचं पारडं जड आहे. कॅप्सूलचे जुन्या सीरम चाचण्यांनी ओळखलेलेच ७७ प्रकार, आणि जीनोम वाचायला लागल्यापासून आकडा शंभराच्या बराच पुढे गेलाय. ओचे प्रकार जेमतेम डझनभर. त्यातले ओ-१, ओ-२, ओ-३ आणि ओ-५ घेतले तरी रुग्णांकडून येणारे बहुतेक स्ट्रेन (जंतूचे वाण) त्यात येतात. चार साखळ्यांची कॉन्जुगेट (साखर प्रथिनाला जोडलेली) लस आणि वीस-पंचवीस साखळ्यांची लस यांच्या खर्चात, तपासणीत जमीन-अस्मानाचा फरक. शिवाय जाड कॅप्सूलच्या स्ट्रेनबरोबर रोज काम करणं त्रासाचं. ते सेंट्रिफ्यूजमध्ये नीट खाली बसत नाहीत, आणि वरचं द्रावण काढताना जंतूही त्याच्याबरोबर निघून जातात.

तरी माझा कल बदलला तो एका गोष्टीमुळे, आणि ती मला अजून छळते. ओ-कॉन्जुगेट टोचलेल्या उंदरांचं सीरम (रक्तातला अँटिबॉडी असलेला द्रव) एलायझाला, म्हणजे अँटिबॉडी मोजणाऱ्या चाचणीला, लावलं की आकडे सुंदर येतात, कारण प्लेटवर शुद्ध केलेली, उघडी साखळी असते. तेच सीरम रुग्णालयातून आलेल्या, कॅप्सूल शाबूत असलेल्या अख्ख्या जंतूंना लावून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका जंतूला किती अँटिबॉडी चिकटल्या ते मोजणाऱ्या यंत्रावर, पाहा. एका स्ट्रेनला अँटिबॉडी भरपूर चिकटतात, दुसऱ्याला थोड्या, तिसऱ्याला जवळजवळ नाहीतच. तिघांचा ओ-प्रकार मात्र एकच! त्याच तिसऱ्या स्ट्रेनचा कॅप्सूल नसलेला म्युटंट घेतला की सिग्नल पुन्हा वर. अँटिबॉडी चांगल्याच होत्या, त्या पोचत नव्हत्या. पुढचा स्ट्रेन कसा वागेल हे आधी सांगता येईना, आणि प्रत्येक मीटिंगमध्ये ‘आलेख छान आहे, पण’ असं म्हणायची वेळ येऊ लागली. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानेही २०२३ मध्ये हेच मांडलं, की कॅप्सूल ओ-अँटिबॉडींचं चिकटणं आणि काम दोन्ही अडवते.

कॅप्सूलच्या सीरमबाबत हा घोळ मला फारसा दिसला नाही. प्रकार जुळला तर अँटिबॉडी ठामपणे चिकटतात, नाही जुळला तर नाही. निकाल नकारात्मक आला तरी तो का आला ते कळतं, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे फार मोलाचं आहे. प्रकारांच्या संख्येची भीती न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूने बरीच कमी केली आहे. त्याचे शंभर प्रकार असूनही निवडक प्रकारांच्या लसी मुलांचे जीव वाचवतात, आणि त्यातली एक, १० प्रकारांची, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. क्लेबसिएलाची २४ प्रकारांची कॅप्सूल लस तर १९८० च्या दशकातच माणसांवर तपासली गेली होती.

कॅप्सूल म्हणजे हमखास यश, असं मात्र मी म्हणणार नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियसची कॅप्सूल लस डायलिसिसच्या रुग्णांत २००५ मध्ये अपयशी ठरली. लसीत नसलेले प्रकार पुढे डोकं वर काढतील ही शंकाही रास्त आहे, कारण क्लेबसिएला कॅप्सूलचे जीन सहज अदलाबदल करतो. दुसरीकडे, ई. कोलायची नऊ ओ-प्रकारांची लस मोठ्या चाचणीत पुरेशी परिणामकारक ठरली नाही आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ती चाचणी थांबवली गेली. जंतू वेगळा आहे, त्यामुळे सरळ निष्कर्ष काढणं योग्य नाही. माझ्या मनावर तिचा परिणाम झाला, एवढं खरं.

तुमच्याकडे वेळ कमी असेल, शुद्धीकरणाची सोय मर्यादित असेल, किंवा दोन्ही साखळ्या एकाच लसीत घालणाऱ्या गटाबरोबर काम करायचं असेल, तर ओ घ्यायला हरकत नाही. गर्भवतींना लस देऊन नवजात बाळाला वाचवण्याचा विचार असेल, तर मी कॅप्सूलच सुचवेन. प्लासेंटातून बाळाकडे जाणाऱ्या आयजीजी अँटिबॉडींचं प्रमाण आधीच मर्यादित. त्यातल्या अर्ध्या जंतूपर्यंत पोचणारच नसतील, तर आईला टोचून काय साधणार?

विषयाचा अर्ज भरण्याआधी जवळच्या रुग्णालयातून काही ताजे स्ट्रेन मागवा आणि दोन्ही सीरम त्यांच्यावर लावा. फ्रीजरमधले जुने, वारंवार वाढवलेले स्ट्रेन यासाठी नकोत. त्यांची कॅप्सूल कधीकधी गेलेली असते, आणि मग ओ-सीरम उगाचच चांगलं दिसतं.