सागवानी केबिन की पांढरी? नागपुरातून शिडाची होडी घेणाऱ्यांसाठी

माझा मावसभाऊ, आमचा दादा, मर्चंट नेव्हीतून निवृत्त होऊन मनीषनगरात राहायला आला. दोन वर्षं अंबाझरीच्या काठाने फेऱ्या मारल्या, मग ते पाणी त्याला कमी पडायला लागलं. दोन मित्रांना धरून त्याने सेकंडहँड शिडाची होडी घ्यायचं ठरवलं. मी फर्निचरवाला माणूस, धरमपेठेतले फ्लॅट सजवतो. "शीड, डोलकाठी, इंजिन मी बघतो, तू फक्त आतलं बघ," म्हणत त्याने डिसेंबरात मला सोबत नेलं. एक होडी मुंबईत, दुसरी गोव्यात. दोन्ही ३६ फुटी. दोन्हींवर आम्ही एकेक रात्र काढली आणि दोन-तीन तास समुद्रात फिरलो.

मुंबईतली जवळपास चाळीस वर्षांची, अरुंद, आतून नखशिखांत सागवानी. गोव्यातली दहा-बारा वर्षांची, रुंद, पांढरी, हलमध्येच, म्हणजे होडीच्या बाहेरच्या अंगातच, मोठ्या काचा बसवलेली.

सागवान बघून आपण विदर्भातली माणसं लगेच विरघळतो. बल्लारशा-आलापल्लीचं लाकूड अयोध्येच्या मंदिरापर्यंत पोचल्याचा अभिमान असतो, त्यात हे तुकतुकीत पॉलिश. पण होडीत बहुतेक ठिकाणी भरीव सागवान नसतं. प्लायवर सागाचा पातळ पापुद्रा असतो. एकदा घासून पॉलिश केलेलं चालतं, तिसऱ्यांदा घासलं की खालचा प्लाय दिसायला लागतो. म्हणून भिंतीच्या कडा आणि खिडकीखालचे कोपरे बघा. काळे डाग असतील तर खिडकीतून पाणी झिरपतंय. तिथे बोट दाबून बघा. भुसभुशीत लागलं तर ते काम साध्या सुताराचं नाही, होडी बांधणाऱ्या कारागिराचं. (आपल्याकडे दुकानदार ज्याला त्याला 'मरीन प्लाय' म्हणून विकतो. आयएस ७१० चा शिक्का असेल तरच ते मरीन समजायचं. होडीत काही बदलणार असाल तर हा शिक्का स्वतः वाचा.)

सागवानी केबिनचा खरा दोष अंधार. भर दुपारी बारा वाजता दादाला चार्ट, म्हणजे समुद्राचा नकाशा, वाचायला दिवा लावावा लागला. पांढरीत उलट. आत पाऊल टाकलं की वनबीएचकेचा टूबीएचके झाल्यासारखं वाटतं. पण त्या मोठ्या काचांतून ऊनही येतं. पश्चिमेच्या खिडकीचं दुपारी चार वाजता काय होतं, हे नागपूरकराला सांगायला नको. विकणाऱ्याने काचांना पडदे लावले होते, म्हणजे ज्या उजेडासाठी पैसे द्यायचे तोच झाकलेला.

इथवर पांढरीचं पारडं जड होतं. मग आम्ही बाहेर पडलो.

शिडात वारा भरला की होडी कलते, पंधरा-वीस अंश सहज. रुंद केबिनमध्ये ओट्यापासून समोरच्या सोफ्यापर्यंत पाच फूट मोकळी जागा होती आणि मधे धरायला काही नव्हतं. मी तीच पाच फुटं घसरत गेलो आणि टेबलाच्या टोकदार कोपऱ्यावर मांडी आदळली. निळा डाग संक्रांतीपर्यंत राहिला. अरुंद होडीत पडायला जागाच नसते; कंबर एका बाजूला टेकते, हात छतालगतच्या दांडीवर जातो. घरात ज्याला आपण 'अंगावर येणारी खोली' म्हणतो, ती समुद्रात आधार देते. घराचं इंटिरिअर करणाऱ्या मला हे पचायला एक दिवस लागला.

सोबत नेलेल्या संत्र्यांनी उरलेलं शिकवलं. पांढऱ्या होडीचा ओटा गुळगुळीत, कडेला पट्टी नाही. टोपलीतली संत्री एकामागून एक खाली उतरून थेट झोपायच्या केबिनपर्यंत गेली. जुन्या होडीत प्रत्येक फळीला दीड-दोन इंच उंच लाकडी कठडा होता, कोपऱ्यात पुसायला फट ठेवलेली. तिथे एकही संत्रं हललं नाही. शेगडी दोन्हीकडे झोपाळ्यासारखी टांगलेली होती, भांडं अडकवायचे चिमटे मात्र जुन्यातच होते. स्वयंपाकाची जागा जिन्याशेजारी असणं दोन्हीकडे बरोबर: तिथे होडी कमी उसळते आणि फोडणीचा वास वर निघून जातो.

झोपण्याचं गणित वेगळं. पांढरीत मागच्या बाजूला डबलबेड आहे, फोटोत सुंदर दिसतो. पण त्याच्या अर्ध्या भागावर कॉकपिटचा, म्हणजे वरच्या सुकाणूजवळच्या बैठकीचा, तळ येतो, उठताना कपाळ आपटतं, शेजारी इंजिन आणि हवेला एक चिमुकली खिडकी. जुनीत पुढच्या टोकाला त्रिकोणी बिछाना आणि बाकी सोफ्यावरच झोपायचं. नांगर टाकल्यावर होडी बहुधा तोंड वाऱ्याकडे करते, म्हणून टोकाच्या हॅचमधून, म्हणजे छतातल्या उघडणाऱ्या झडपेतून, वारा सरळ अंगावर येतो. चालत्या होडीत मात्र टोकाला झोपणं म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर एसटीच्या शेवटच्या बाकावर बसणं. तेव्हा मधला अरुंद सोफा बरा, कडेला कापड बांधून. दादा म्हणाला, "विदर्भ एक्सप्रेसची साईड लोअर समज." समुद्रात दोन फूट रुंदीच पुरते, जास्त असेल तर माणूस रात्रभर लोळत राहतो. लांबी मात्र स्वतः पाय ताणून मोजा.

हवेबाबत नागपूरकराने सगळ्यात सावध राहावं. आपण कूलरवर वाढलो. कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांतून पाणी उडतं म्हणून गारवा येतो. किनाऱ्याच्या दमट हवेत ती युक्ती चालत नाही. तिथे हवा हलली पाहिजे. मुंबईत होडी गेटवेजवळ बोयाला, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधून राहणार असेल, तर किनाऱ्याची वीज नाही आणि म्हणून एसीचा विचारही सोडा. उघडणाऱ्या हॅच मोजा. जुनीत पाच होत्या, शिवाय डेकवर भोंग्यासारखे हवेचे नळ, ज्यांतून वारा आत येतो आणि पाणी खोक्यात अडतं. पांढरीत काचा दुप्पट, पण उघडणाऱ्या तीनच. प्रत्येक बिछान्याशी बारा व्होल्टचा छोटा पंखा हवा, तो नंतरही बसवता येतो.

संडास-बाथरूम पांढरीत निर्विवाद चांगलं. जुनीत कोपर भिंतीला लागतं.

आणि पावसाळा. मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत होड्या सहसा वर काढून झाकून ठेवतात. चार महिने बंद केबिन म्हणजे बुरशीचं माहेर. जाड गाद्या, कापडी छत, घट्ट बसणारी कपाटं हे सगळं तिला आवडतं. जुनीच्या कपाटांना वेताच्या जाळीची दारं होती, मला आधी ती शोभेची वाटली. आत हात घातला तर कोरडं. पांढरीच्या चकचकीत शटरमागे मात्र तोच आंबट वास आला. गाद्यांखाली हवा खेळायला जाळी किंवा फळ्या असाव्यात आणि खोळी निघणाऱ्या असाव्यात, एवढं तरी बघाच.

गोव्यातच बांधलेल्या ५६ फुटी तारिणी या शिडाच्या होडीवर नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचे फोटो दादाच्या फोनमध्ये आहेत. पण त्याला जायचंय मुंबईसमोरच्या मांडव्याला, वर्षातले आठ-दहा वीकेंड. मुलं-नातवंडं येणार, होडी विजेची सोय असलेल्या मरीनात, म्हणजे होड्यांच्या धक्क्यावर, बांधायची आणि मुख्यतः वर बसून चहा प्यायचा, असं असतं तर मी पांढरी घे म्हटलं असतं, फक्त छताला दांड्या आणि ओट्याला कठडे लावून. त्याच्या बेताला जुनीच बसते. छत आणि मोठ्या भिंती हस्तिदंती रंगवायच्या, कडा, दारं आणि कठडे सागवानी ठेवायचे, दिवे पिवळसर आणि चार्टशी एक लाल, म्हणजे रात्री वर गेल्यावर अंधारात लगेच दिसतं. सागावर रंग मारायचा म्हटल्यावर वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

दादाने परवा जुनीच्या मालकाला फोन करून एकच विचारलं: पुढच्या हॅचचं रबर शेवटचं कधी बदललं? तो म्हणाला, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.