रॉयल ऑपेरा हाऊस: जेथे वास्तुविशारद दिसत नाही

गिरगावच्या आसपास वाढलेल्या आमच्या पिढीला ‘ऑपेरा हाऊस’ म्हणजे बसथांबा आणि हिरेबाजार एवढेच ठाऊक होते, कारण १९९३ साली बंद पडलेल्या त्या नाट्यगृहाची आम्हांला आठवते ती केवळ बाहेरची बाजू. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडले. मला मात्र तिकीट काढून आत बसण्याचा योग आला तो गेल्या हिवाळ्यात, एका गायनाच्या कार्यक्रमाच्या निमित्ताने. कार्यक्रम चांगला झाला, परंतु मध्यंतरात मी चहाला न जाता खुर्चीतच बसून छताकडे पाहत राहिलो, आणि हा अभिप्राय त्या छताविषयी व ते वाचवणाऱ्या बाईंविषयी आहे.

हे छत म्हणजे आठ भागांत विभागलेला घुमट असून, त्याचा प्रत्येक भाग कवी, नाटककार आदी कलावंतांना अर्पण केलेला आहे. १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या वास्तूत पुढे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटके झाली. मग बोलपटांचे दिवस आले आणि तिचे चित्रपटगृह झाले. या बदलात रंगमंचाशेजारचे मानाचे कक्ष गेले. १९५२ पासून ही मिळकत गुजरातमधील गोंडलच्या राजघराण्याकडे आहे, आणि जीर्णोद्धाराचे काम त्यांनी वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे सोपवले.

लांबा यांचे शिक्षण दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमधले. नव्वदच्या दशकात, व्यवसायात नवख्या असताना, त्यांनी मुंबईत जे काम हाती घेतले त्यात नवी इमारत उभारायची नव्हतीच. दादाभाई नौरोजी मार्गावरील दगडी कमानी दुकानांच्या अवाढव्य पाट्यांखाली दडपल्या होत्या. त्या पाट्या कमानीच्या मापात कशा बसवाव्यात, याची मार्गदर्शिका त्यांनी तयार केली. पाटी लहान केली की गिऱ्हाईक कमी होईल, असे दुकानदाराला वाटणे स्वाभाविकच. त्यामुळे अशा कामात आराखड्याइतकेच महत्त्व समजूत घालण्याला असते. २००४ साली युनेस्कोच्या वारसा पुरस्कारांत या रस्त्याच्या कामाची दखल घेतली गेली. आपल्याकडे वास्तुविशारदाची कीर्ती त्याने काय बांधले यावरून मोजली जाते, म्हणून तारुण्यातच आपली मुद्रा न उमटवण्याचा मार्ग धरणे मला विशेष धाडसाचे वाटते.

ऑपेरा हाऊसमध्ये हाच विचार अधिक अवघड कसोटीला लागला. शंभर वर्षांत एका वास्तूवर अनेक थर चढतात, आणि त्यांतला कोणता राखायचा व कोणता उतरवायचा, हा प्रश्न केवळ गिलाव्याचा नसतो. चित्रपटगृहाचा काळही या वास्तूचाच इतिहास होता. तरीही जुनी छायाचित्रे आणि नोंदी यांच्या आधारे मानाचे कक्ष पुन्हा उभारण्यात आले, आणि नाट्यगृह म्हणून ही जागा पुन्हा वापरायची असल्यामुळे तो निर्णय मला योग्य वाटतो. आधी बांधकामाची मजबुती आणि नंतर नक्षीकाम, हा क्रमही महत्त्वाचा. वरवरची रंगरंगोटी करून उद्घाटन उरकण्याची आपली सवय पाहता तो मुद्दाम सांगावासा वाटतो. २०१७ मध्ये युनेस्कोने या कामालाही गौरवले.

प्रेक्षक म्हणून सांगायचे, तर सुमारे ५७५ आसनांचे हे प्रेक्षागृह संगीतासाठी अगदी योग्य आकाराचे आहे. मी मुद्दाम वरच्या सज्जात बसलो होतो, आणि विलंबित ख्यालातील कुजबुजीसारखे स्वरही तेथवर स्पष्ट पोहोचत होते. मूळ बांधणीतच सज्जातल्या माणसाचा विचार केलेला होता आणि दुरुस्तीत तो गुण हरवला नाही, हे या कामाचे मला सर्वांत मोठे श्रेय वाटते. सोनेरी मुलामा मात्र माझ्या डोळ्यांना जरा अधिक वाटला, पण मूळ शैलीच बरोक, म्हणजे भरगच्च अलंकरणाची युरोपीय शैली, असल्यामुळे ती तक्रार बांधणाऱ्यांकडे करायला हवी. ससून घराण्याकडून आलेली झुंबरे पाहायची असतील, तर कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी पोहोचावे. चर्नी रोड स्थानकावरून पायी जाणे सोयीचे. तिकीट शक्यतो वरच्या सज्जाचे घ्यावे, कारण घुमट तेथून जवळ दिसतो आणि जुने कोणते, नवे कोणते हे शोधण्यात मध्यंतर पुरत नाही.